मूत्रपिंड ऊतक संवर्धन

प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून घेतलेल्या पेशींपासून प्रयोगशाळेत मूत्रपिंडाच्या ऊतकाचे छोटे, त्रिमितीय नमुने वाढविण्याच्या पद्धतींना मूत्रपिंड ऊतक संवर्धन म्हणतात. अशा नमुन्यांसाठी ऑर्गनॉइड ही संज्ञा रूढ झाली असून, त्यांपैकी केवळ नलिकांच्या पेशींनी बनलेल्यांना ट्यूब्युलॉइड म्हटले जाते. रक्त गाळून मूत्र बाहेर टाकणारे संपूर्ण मानवी मूत्रपिंड या मार्गाने अद्याप तयार झालेले नाही.

खानदेशात ‘टिश्यू कल्चर’ (ऊतक संवर्धन) हा शब्द केळीमुळे घराघरांत माहीत आहे. रावेर, यावल, चोपडा या भागांतील शेतकरी कंदांऐवजी ऊतिसंवर्धित रोपे लावतात आणि जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपन्या ग्रँड नैन जातीची अशी रोपे मोठ्या प्रमाणावर तयार करतात. कोंबाचा लहानसा तुकडा पोषक माध्यमात ठेवला की त्यापासून असंख्य रोपे होतात. ती हरितगृहात कणखर केली की मृगबाग किंवा कांदेबाग या केळीच्या लागवडीच्या हंगामांत लावता येतात. त्यामुळे मूत्रपिंडही असेच वाढविता येत असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र वनस्पतीच्या कोंबातील पेशींमध्ये पूर्ण रोप घडविण्याची क्षमता कायम असते, तर मानवी शरीरातील प्रौढ पेशींनी आपापले काम पत्करून ती क्षमता गमावलेली असते. मूत्रपिंडाच्या बाबतीत ही अडचण विशेष मोठी आहे.

मानवी मूत्रपिंडात सरासरी सुमारे १० लाख वृक्काणू (नेफ्रॉन) असतात. प्रत्येक वृक्काणूच्या टोकाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो, त्यात रक्त गाळले जाते. पुढच्या लांब, वळणदार नलिकेत त्या गाळलेल्या द्रवातील पाणी, क्षार व साखर परत शोषली जाते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड लिटरच्या आसपास मूत्र म्हणून बाहेर पडते. नवे वृक्काणू तयार होण्याची क्रिया गर्भावस्थेच्या साधारण ३६ व्या आठवड्यात थांबते. त्यानंतर नष्ट झालेला वृक्काणू पुन्हा उगवत नाही. नलिकेच्या पेशींची गोष्ट थोडी वेगळी आहे : वैशाखातील उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या शरीरातील पाणी फार कमी होऊन मूत्रपिंडाला इजा झाली, तर वाचलेल्या नलिकापेशी विभागून उघडी पडलेली जागा पुष्कळदा भरून काढतात. गुच्छाभोवतीच्या पोडोसाइट या गाळणीपेशींना मात्र हे जवळपास साधत नाही. प्रौढ मूत्रपिंडात खऱ्या अर्थाने मूलपेशी (स्टेम सेल) असतात की नाही, यावर संशोधकांत मतभेद आहेत. दुरुस्तीचे हे सामर्थ्य मात्र निर्विवाद आहे.

ट्यूब्युलॉइडची पद्धत याच सामर्थ्यावर उभी आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले की, प्रौढ मूत्रपिंडाच्या तुकड्यातील, इतकेच नव्हे तर लघवीतून वाहून आलेल्या पेशीही जेलमध्ये रुजवून वाढीचे घटक पुरविले, तर त्यांपासून नलिकांसारख्या रचना तयार होतात आणि त्या अनेक महिने वाढवीत ठेवता येतात. रुग्णाला सुईही न टोचता त्याच्या स्वतःच्या नलिकापेशी मिळतात, हे या पद्धतीचे मोठे वैशिष्ट्य होय. तथापि यात गाळणीचा गुच्छ तयार होत नाही. म्हणजे वृक्काणूचा उत्तरार्ध मिळतो, पूर्वार्ध मिळत नाही.

दुसरा मार्ग प्रौढ पेशीला मागे नेण्याचा आहे. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना भ्रूणपेशींसारखी बहुक्षम (शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी घडविण्याची क्षमता असलेली) अवस्था आणून दिली. या शोधासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासह विभागून मिळाले. अशा पेशींना गर्भात मूत्रपिंड घडताना जे रासायनिक संकेत मिळतात तेच, त्याच क्रमाने दिले, तर त्या मूत्रपिंडाच्या दिशेने वळतात. ऑस्ट्रेलियातील मेलिसा लिटल व मिनोरू ताकासातो यांच्या गटाने २०१५ मध्ये या रीतीने गुच्छ, नलिका व संग्राहक नलिका असे सर्व प्रमुख भाग असलेले ऑर्गनॉइड वाढविले. जनुकांच्या कार्यावरून ते पहिल्या तिमाहीतील गर्भाच्या मूत्रपिंडाशी जुळणारे ठरले. संपूर्ण क्रियेस साडेतीन आठवड्यांच्या आसपास काळ लागतो.

येथून पुढची वाट अवघड आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, पण बशीतल्या ऑर्गनॉइडला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे त्याचा आकार वाढला की मधल्या पेशी मरू लागतात. नलिकांना एकत्र येऊन मूत्र बाहेर जाण्याची वाट नसते, ऊतक गर्भावस्थेतच अडकून राहते आणि त्यात स्नायू किंवा चेतापेशींसारख्या नको असलेल्या पेशीही उगवतात. उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोपण केल्यावर ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या शिरतात आणि गुच्छ अधिक परिपक्व होतात, असे आढळले आहे. सूक्ष्म मार्ग असलेल्या चिपवर ऑर्गनॉइड ठेवून त्यावरून द्रवाचा प्रवाह चालू ठेवूनही असाच काहीसा परिणाम साधला आहे. बहुक्षम पेशी ऊतकात शिल्लक राहिल्यास गाठ होण्याचा धोका असल्याने माणसात रोपण करण्यापूर्वी त्यांची कसून छाननी आवश्यक ठरते.

आजचा खरा उपयोग औषधांची मूत्रपिंडावरील विषारीता तपासणे आणि आनुवंशिक विकार समजून घेणे हा आहे. कर्करोगावरील सिस्प्लाटिन या औषधाने होणारी इजा ऑर्गनॉइडमध्ये दिसते. बहुपुटी मूत्रपिंड विकारातील पाण्याच्या गाठीही त्यात उत्पन्न करता येतात. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा यांसारख्या भागांतील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. त्यात मूत्रपिंडाच्या आतल्या, कमी प्राणवायूच्या भागात लाल पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात, लघवी घट्ट करण्याची शक्ती मंदावते आणि पुढे काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होतात. ही इजा रक्तप्रवाहातून घडत असल्याने, रक्त न वाहणाऱ्या ऑर्गनॉइडमध्ये ती दाखविणे कठीण आहे. ज्या आजारावरील संशोधनाची खानदेशाला विशेष निकड वाटावी, त्यापर्यंत हे तंत्र रक्तवाहिन्यांचा प्रश्न सुटल्यावरच नीट पोहोचू शकेल.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते आणि प्रत्यारोपणासाठी खानदेशातील अनेक कुटुंबे नाशिक, मुंबई किंवा सुरत गाठतात. या हतबलतेत ‘स्टेम सेलने किडनी बरी करू’ असे सांगणारे भेटले, तर नकार देणे सोपे नसते. म्हणून येथे स्पष्ट नोंदविणे अगत्याचे आहे की, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्त घडविणाऱ्या मूलपेशींचे ठरावीक विकारांतील रोपण वगळता मूलपेशींचा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. मूत्रपिंडे निकामी होणे या अपवादात बसत नाही. परदेशात मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णांवर एक चाचणी प्रगत टप्प्यात गेली आहे : तीत रुग्णाच्याच मूत्रपिंडातून सुईने काढलेल्या तुकड्यातील पेशी वाढवून त्या पुन्हा मूत्रपिंडात टोचल्या जातात, आणि उरलेले कार्य किती काळ टिकते हे पाहिले जाते.