तशीच तिरंगी कुठे मिळेल?

आमच्या मांजरीच्या पिल्लाला, चिंगीला, जाऊन पाच महिने झाले. तिच्या आधी आठवडाभर तिचा भाऊ गेला. दुधाची पिशवी कापताना माझी नजर अजूनही ओट्याखाली जाते. 'दुसरी आणा की,' असं सगळे म्हणतात. मी शोधतही होते, पण चिंगीसारखीच हवी होती: पांढरी, काळी, नारिंगी, डाव्या डोळ्यावर काळा डाग असलेली.

अशी हुबेहूब मांजर मिळवायचा प्रयत्न अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात झाला होता. रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या पेशीपासून 22 डिसेंबर 2001 रोजी सीसी जन्मली, जगातली पहिली क्लोन मांजर. जनुकं रेनबोचीच, पण सीसीच्या अंगावर नारिंगी ठिपका एकही नव्हता!

मांजरांत नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स असतात आणि गर्भात असतानाच प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करून टाकते. कोणतं, याला काही नियम नाही. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली. एका पेशीत नारिंगी रंगाचं एक्स चालू राहिलं, की तिच्यापासून वाढलेला ठिपका नारिंगी. शेजारच्या पेशीत ते बंद, तर तिथे काळा. नराकडे एक्स सहसा एकच, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. सीसी ज्या एका पेशीपासून घडली, तिच्यात नारिंगीचं एक्स आधीच बंद झालेलं होतं. पांढरा रंग कुठे उमटणार, हे तर रंगपेशी गर्भात कुठवर पोचल्या यावर ठरतं. डोळ्यावरचा तो डाग पुन्हा जुळून येणार नाही, हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले. पण शोध तिथेच थांबला.

आता प्रश्न घराचा होता. आमची दोन्ही पिल्लं पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने गेली. लशीचा दुसरा डोस आम्ही लांबवला होता, ती बोच जात नाही. हा विषाणू कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्होच्या कुळातला. त्याला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे साबणाला तो दाद देत नाही आणि घरात वर्षभरही तग धरू शकतो. फिनाईलचा उपयोग नाहीच, उलट ते मांजरांना विषारी. एक भाग ब्लीच आणि 32 भाग पाणी घेऊन फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, मग धुऊन काढायची. धुता न येणारी गादी, टोपली टाकूनच दिली.

एवढं करूनही लहान पिल्लू आणणं मला पटत नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. लशी पूर्ण झालेलं मोठं मांजर अशा घरात जास्त सुरक्षित.

ओळखीच्या एका बाईंकडे दोन वर्षांचा काळाभोर बोका आहे, अंगावर एकही ठिपका नसलेला. त्याचं लसीकरणाचं कार्ड मी मागवून घेतलं, तारखा नीट आहेत. रविवारी त्याला बघायला जाणार आहे.