व्यायच्या आधीचा दीड महिना

शेळी व्याली की घरात तिचा मान वाढतो. सरकी पेंड येते, मक्याचा भरडा येतो, कुणीतरी शेवरीचा पाला तोडून आणतं. आठवडाभर आधी तीच शेळी जड पोटाने कळपामागे चालत बांधावरचं वाळकं गवत चघळत होती. दूध दिसलं की खुराक, असा आपला हिशेब. तिच्या शरीराचा हिशेब मात्र दीड महिना आधीच सुरू झालेला असतो.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. पहिले तीन-साडेतीन महिने गर्भ लहान असतो, चराई बरी असली तर भागतं. करडाच्या जन्मवेळच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत भरतो. उस्मानाबादी शेळीला तर जुळी नेहमीचीच. दोन करडं, वार, भोवतालचं पाणी हे सगळं कोटीपोटाला, म्हणजे चारा साठवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्याला, खेटून वाढतं. भूक वाढायची तेव्हाच चाऱ्याची जागा घटते. त्यात दिवाळीच्या सुमाराला फळलेली शेळी चैत्राच्या आसपास विते, म्हणजे हे आठवडे नेमके रानं वाळलेली असताना येतात. नुसता कडबा पोट भरतो, बाकी फारसं देत नाही.

गर्भाला हवं असतं ग्लुकोज. रवंथ करणाऱ्या जनावराला ते चाऱ्यातून थेट फारसं मिळत नाही. कोटीपोटातले जिवाणू चारा आंबवून आम्लं तयार करतात आणि त्यातल्या एकापासून यकृत ग्लुकोज बनवतं. खाणं कमी पडलं की अंगावरची चरबी झपाट्याने वितळते, यकृताला ती झेपत नाही आणि रक्तात चरबीपासून बनणारी कीटोन नावाची द्रव्यं साठतात. शेळी एकटी उभी राहते, खाणं सोडते, दात खाते. तोंडाला गोडसर वास येतो, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नये, डॉक्टर लगेच बोलवावा.

‘गाभणीला फार चारलं तर करडू अडतं’ असं जुनी माणसं सांगतात. त्यात तथ्य आहे. आधीपासून लठ्ठ झालेल्या शेळीला विताना त्रास होतो आणि हा कीटोनचा आजारही गाठतो, कारण पोटातली चरबीही जागा खाते. पण म्हणून शेवटी उपाशी ठेवणं हा उतारा नव्हे.

शेवटच्या दीड महिन्यात रोज १०० ग्रॅम खुराकाने सुरुवात करून हळूहळू २५० ग्रॅमपर्यंत न्यावं. भरडा, पेंड, तुरीची चुणी, गव्हाचा कोंडा, जोडीला खनिज मिश्रण. ‘हळूहळू’ हा शब्द इथे औषधाइतका महत्त्वाचा. लग्नातला उरलेला भात पाटीभर समोर ठेवला तर कोटीपोटात आम्ल वाढून धडधाकट शेळीही दगावते.

सुबाभळीचा पाला प्रथिनांनी भरलेला, पण त्यात मिमोसिन नावाचं विष असतं, म्हणून तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातली गुरं या पाल्याने आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मात्र तोच खाऊन ठणठणीत असत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा विष पचवणारे जिवाणू त्या शेळ्यांच्या पोटात सापडले. पुढे ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांना देण्यात आले.

व्यायल्यावर पहिला घास करडाचा: चीक. शेळीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भापर्यंत पोचत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि करडाचं आतडं ती जेमतेम दिवसभरच शोषू शकतं. हा चीक कासेत तयार होतो तो व्यायच्या आधीच्या आठवड्यांत, म्हणजे पुन्हा त्याच खुराकावर.

दूध चढतं महिना-दोन महिने. भूक मात्र मागून येते. तोवर शेळी अंगावरचं उतरवून दूध देते. रोजच्या चाऱ्याखेरीज लिटरमागे साधारण ४०० ग्रॅम खुराक द्यावा. करडं पितात ते दूधही यात धरायचं. ते मापात दिसत नाही, म्हणून बहुतेक जण विसरतात.