छायाचित्र-अलंकार

व्यक्तीचे छायाचित्र जडवलेला, अंगावर घालण्याचा दागिना. लॉकेट, ब्रोच, अंगठी व कडे ही त्याची नेहमीची रूपे होत.

उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत हा प्रकार दुखवट्याच्या दागिन्यांतून आल्याचे मानते. इंग्लंडमध्ये प्रिन्स अल्बर्टच्या निधनानंतर (१८६१) अशा दागिन्यांना मोठी मागणी आली, हा त्याचा मुख्य आधार. दुसरे मत त्याचे मूळ हस्तिदंतावर रंगवलेल्या लघुचित्रांत शोधते. डागेरोटाइप (धातूच्या पत्र्यावरील आरंभीचे छायाचित्र) बसवलेली लॉकेट १८४० च्या दशकापासून आढळतात आणि त्यांतील कोंदण व काच लघुचित्रांच्या लॉकेटसारखीच असते; त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मागे काचेखाली केसांची बट दिसली म्हणून चित्रातील व्यक्ती मृतच असावी, असेही नाही. हयात माणसांचे केसही प्रेमाची खूण म्हणून जपले जात.

कालनिश्चिती जपून करावी लागते. जुन्या कोंदणातील लघुचित्र काढून तेथे छायाचित्र बसवले जाई, तसेच नंतरच्या पिढ्या आतील चित्र बदलत. त्यामुळे केवळ सोन्यावरील छापावरून (हॉलमार्क) काढलेला काळ फसवा ठरू शकतो. पत्र्याचा प्रकार, पोशाख व केशरचना यांचा पुरावा त्याहून भरवशाचा.

डागेरोटाइप म्हणजे चांदीचा थर दिलेला तांब्याचा पत्रा. तो कातरून लंबगोल करता येई. पृष्ठभाग मात्र इतका नाजूक, की बोट लागताच चित्र पुसले जाई. म्हणून वर काच आणि हवाबंद कडा आवश्यक, आणि हे काम जडावकाम करणाऱ्या कारागिराच्या हातचेच होते. १८४० मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोने सुचवलेल्या सुवर्णक्षाराच्या लेपामुळे चित्राला टिकाऊपणा आला. चित्रातील व्यक्तीच्या अंगठीवर वा साखळीवर रंगारी सोनेरी ठिपके देत, म्हणजे दागिन्यात पुन्हा दागिना. या तंत्रात प्रतिमा सहसा आरशातल्यासारखी उलटी येते; डाव्या हातातील अंगठी उजव्या हातात दिसते.

धातुकाम व छायाचित्रण यांचे हे नाते आत्मचित्रातही दिसते. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसचे १८३९ चे आत्मचित्र आद्य मानण्याकडे कल आहे. तो दिव्यांच्या व्यवसायातला. पत्र्यावर चांदी चढवणे व तिला झिलई देणे त्याला अवगत होते.

सूक्ष्मछायाचित्राचे (नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या छायाचित्राचे) श्रेय सामान्यतः मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डॅन्सरला दिले जाते, पण त्याची चित्रे पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागे. पॅरिसच्या रेने दाग्रोंने ही अडचण सोडवली (पेटंट १८५९). सुमारे ३ मिमी. व्यासाच्या काचकांडीचे एक टोक फुगीर व दुसरे सपाट ठेवून सपाट टोकावर चित्र चिकटवले, की भिंगच चित्राचे घर बनते. ‘स्टॅनहोप’ नावाची ही कांडी अंगठीत वा टाचणीत सहज मावे. बाहेरून चित्राचा पत्ता लागत नसे. उजेडाकडे धरून डोळा लावावा लागे.

स्वस्त प्रसार टिनटाइपमुळे झाला. नावात कथील असले, तरी पत्रा लोखंडाचा. अमेरिकेच्या १८६० च्या निवडणुकीत लिंकन व इतर उमेदवारांची अशी चित्रे पितळी कड्यात बसवून छातीवर लावली गेली. १८९६ च्या सुमारास सेल्युलॉइडच्या बिल्ल्यांनी त्यांची जागा घेतली.

भारतात देव-गुरूंच्या छायाचित्रांची लॉकेट सर्वपरिचित आहेत. रजनीशांच्या संन्याशांची १०८ लाकडी मण्यांची, रजनीशांचे छायाचित्र असलेली माळ १९७० च्या दशकात पुण्याच्या कोरेगाव पार्कात नित्याची होती. तिला अलंकार म्हणावे की दीक्षेची खूण, याविषयी मतभेद होऊ शकतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलाकारांनी हा प्रकार पुन्हा हाती घेतला. नेदरलँड्सच्या खेस बाकरने १९८२ मध्ये गुलाबाचे छायाचित्र प्लॅस्टिकमध्ये बंदिस्त करून गळ्यात घालण्याजोगा मोठा हार केला. जर्मनीच्या बेटिना श्पेकनर अनोळखी माणसांचे जुने टिनटाइप रत्नांसह ब्रोचमध्ये जडवतात.