मूलभूत हक्कांची क्षैतिज प्रयुक्ती

संविधानातील मूलभूत हक्क राज्यसंस्थेबरोबरच खाजगी व्यक्ती व संस्थांविरुद्धही लागू करणे. अनुच्छेद 12 मध्ये ‘राज्य’ या संज्ञेची व्याख्या असल्याने हे हक्क शासनाविरुद्धच चालतात, असा सर्वसाधारण समज आहे. शामदासानी खटल्यात (1952) मालमत्तेच्या हक्कापुरता तोच निर्णय झाला.

कल्पनेचे मूळ बहुधा जर्मन संवैधानिक न्यायालयाच्या ल्यूट निर्णयात (1958) दाखवले जाते. सिद्धांतापुरते ते ठीक. भारतीय तरतूद मात्र त्याआधीची आहे. अनुच्छेद 15(2) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, स्नानघाट येथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून होणारा मज्जाव निषिद्ध करतो, मग तो खाजगी व्यक्तीने केलेला असो. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत प्रश्न निघाला, की ‘दुकान’ म्हणजे धोब्याचे आणि न्हाव्याचेही का? डॉ. आंबेडकरांचे उत्तर असे, की मागेल त्याला सेवा देण्यास तयार असणाऱ्या कोणाचेही ठिकाण म्हणजे दुकान. हा अर्थ रूढ अर्थाहून व्यापक आहे. पण 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे खाजगी शिक्षणसंस्थांनाही ‘दुकानां’त धरले. अनुच्छेद 17 (अस्पृश्यता), 23 (वेठबिगार) व 24 (बालकामगार) हेही खाजगी व्यक्तींना बांधतात, हे एशियाड मजुरांच्या खटल्यात (1982) स्पष्ट झाले.

अनुच्छेद 19 (भाषण, संचार इत्यादी स्वातंत्र्ये) व 21 (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) बाबत मतभेद आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या कौशल किशोर निर्णयात (3 जानेवारी 2023) पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ते खाजगी व्यक्तींविरुद्धही लागू करता येतात असे म्हटले; त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वकिली केलेले व पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई होते. न्या. नागरत्ना यांचे मत भिन्न होते : बेकायदा अटकावातून सुटकेसाठी देहोपस्थितीची (हेबिअस कॉर्पस) याचिका चालेल, एरवी दाद सामान्य कायद्याखालीच मागावी. हक्क कोणाला बांधतो आणि दाद कुठे मागावी, हे प्रश्न वेगळे ठेवणारे हे मत अधिक काटेकोर वाटते.

नागपुरात सिव्हिल लाइन्समधील खंडपीठापुढे प्रतिवादी खाजगी असला, की ‘हे राज्य नव्हे’ हा आक्षेप आधी येतो. त्यावर उच्च न्यायालयांना आदेश काढण्याचा अधिकार देणाऱ्या अनुच्छेद 226 मधील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांचा आधार घेतात. 1989 च्या अनादी मुक्त निर्णयानुसार सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या विश्वस्तसंस्थेलाही आदेश देता येतो. खोली भाड्याने देताना ‘आडनाव काय?’ विचारणारा घरमालक मात्र यात बसवणे कठीण. भाड्याची खोली ‘दुकान’ ठरते का, हा वाद 1948 च्या त्या उत्तरापाशीच येतो.