मुंबईचा बदलता किनारा : नकाशे आणि हवाई प्रतिमा

मुंबईचा किनारा गेल्या अडीचशे वर्षांत कसा सरकत गेला, हे जुने नकाशे, विमानातून टिपलेली छायाचित्रे आणि उपग्रह प्रतिमा एकमेकांवर ठेवून पाहता येते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे नेहमीच्या नकाशात निळ्या पाण्यात सुटी सुटी दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामधला बराच भाग खाजणाचा होता. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. नकाशा काढणाऱ्याला मात्र एकच रेघ ओढावी लागते. ती रेघ भरतीची की ओहोटीची, हे आधी तपासलेले बरे.

वरळीजवळच्या खिंडारावरचा बांध, म्हणजे हॉर्नबी वेलार्ड, १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि मधल्या सखल भागात शिरणारे समुद्राचे पाणी अडले. पुढे कुलाबा (१८३८) आणि माहीम (१८४५) हे कॉजवे, म्हणजे पाण्यावरून जाणारे बांधरस्ते, झाले. नकाशासाठी झालेली कॅप्टन डिकिन्सनची पाहणी १८१२–१६ ची, तर लॉटनची १८६५–७२ ची. दोन्हींच्या दरम्यान कोटाची तटबंदी पाडली गेली. त्यामुळे फोर्ट भाग या दोन पाहण्यांत अगदी वेगळा दिसतो.

असे नकाशे आजच्या प्रतिमेवर बसवायला न हललेल्या खुणा लागतात. वरळी, माहीम आणि शिवडीचे किल्ले त्यासाठी सोयीचे, कारण ते बेटांच्या मूळ कडांवर उभे आहेत. वरळीच्या किल्ल्याखालचा कोळीवाडा अजून समुद्रालगत आहे. शिवडीच्या किल्ल्यापुढे मात्र बंदराचा भराव पसरला आहे.

दक्षिण मुंबईच्या पश्चिमेकडचा उपसागर, म्हणजे बॅक बे, भरून जमीन करण्याची १८६० च्या दशकातली योजना कापसाचा बाजार कोसळताच बुडाली. १९२० च्या दशकात सरकारने ती पुन्हा हाती घेतली, पण ठरवलेल्या आठ तुकड्यांपैकी चारच पुरे झाले. या कामातल्या गैरव्यवहारावर झोड उठवली ती वकील आणि काँग्रेस नेते खुर्शेद नरिमन यांनी. नंतरच्या भरावावर उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटला त्यांचेच नाव मिळाले, हा योग गमतीचा खरा.

लँडसॅट उपग्रहांच्या १९७२ पासूनच्या प्रतिमांत भरावाचा कल उत्तरेकडे वळलेला दिसतो. मिठी नदीच्या मुखालगतच्या दलदलीच्या जागी वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहत गेले आणि नदीचे पात्र आक्रसले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा मिठीकाठच्या वस्त्या बुडाल्या. त्यानंतर या जुन्या प्रतिमा पुन्हा बाहेर निघाल्या. पण सुरुवातीच्या लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरचा. त्यात मोठा भराव दिसतो, कोळीवाड्यातली गल्ली नाही. शिवाय टिपतेवेळी ओहोटी असेल, तर उघडा पडलेला चिखल नवी जमीन म्हणून मोजला जाण्याचा धोका राहतो.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून भरतीरेषेला, म्हणजे भरतीचे पाणी जिथवर पोचते त्या रेषेला, कायद्याचे वजन आले. किनाऱ्यालगतच्या कोणत्या जागेवर बांधकाम करता येईल, हे ठरवताना त्या रेषेपासूनचे अंतर मोजले जाते.