दोन रेझिन, दोन हार्डनर

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हर्णै असो की मालवण, जुन्या फायबर होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि डागडुजीही तेव्हाच निघते. हवा दमट, ताडपत्रीवर पाऊस धडधडतोय, रेझिन, म्हणजे फायबरच्या कापडात मुरून कडक होणारा चिकट द्रव, सुकता सुकत नाही. मग कोणीतरी म्हणतंच, "घाल अजून थोडं हार्डनर!" हार्डनर म्हणजे रेझिन कडक करायला त्यात मिसळायचं रसायन. रेझिन दोन प्रकारचं. पॉलिस्टर असेल तर एका मर्यादेपर्यंत चालून जातं. इपॉक्सीत घातलंत तर सगळं खरवडून पहिल्यापासून.

पॉलिस्टर तुम्हाला ठाऊकच आहे. बहुतेक होड्या त्याच्याच, वास डोक्यात जाणारा, किंमत परवडणारी. किलोला दहा ते वीस ग्रॅम हार्डनर. ते म्हणजे विरजण. रेझिन आणि त्यातलं स्टायरीन नावाचं पातळ द्रव्य आपसात जोडले जायला तयारच असतात, हार्डनर फक्त सुरुवात करून देतं. म्हणून मे महिन्याच्या उन्हात दहाकडे सरकायचं, गारव्यात वीसकडे. त्यापुढे गेलात की थर तापतो आणि ठिसूळ होतो.

इपॉक्सीत हार्डनर हा मालाचाच भाग. रेझिनला जोडून घ्यायला त्याचा ठरलेला वाटा लागतो, कमी नाही, जास्त नाही. जास्त ओतलेलं कशालाच न जोडता आत पडून राहतं. थर रबरासारखा होतो, नखाने दाबला तर वळ उमटतो, आणि कितीही दिवस थांबा, तो तसाच. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं: कुठे २:१, कुठे ५:१, कुठे शंभराला दहा. या शेवटच्यातच लोक फसतात; थोडंसंच दिसतं ना, मग हात सैल सुटतो. वजनाचं प्रमाण वेगळं, मापाचं वेगळं, तेही वाचा. बाटलीच्या झाकणाने मोजणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. छोटा डिजिटल काटा घ्या. घाई असेल तर त्याच कंपनीचं जलद हार्डनर मागा, नाहीतर डबे आधी उबदार जागी ठेवा.

बाकी फरक किरकोळ. जुन्या फायबरला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून पाण्याखालच्या भेगेला मी तेच लावतो. उन्हात टिकत नाही, वर रंग हवाच. काचेच्या तंतूंची साधी मॅट पॉलिस्टरसाठी, इपॉक्सीला विणलेलं कापड. ओल्या होडीवर दोन्ही धरत नाहीत. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते, तिच्यावर लगेच ग्राइंडर फिरवू नका. आधी पाणी आणि घासणीने धुवा, मग पॉलिश पेपर. आणि गॅरेजातली गाडीची पुटी पाण्याखाली कृपया नको, ती पाणी पिते.