दुसरी रॅम स्टिक: जुन्या डेस्कटॉपमधला न उघडलेला रस्ता

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने ‘क्रुशिअल’ हा आपला ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. घरगुती ग्राहकांना रॅम (चालू कामाचा डेटा धरणारी मेमरी) आणि एसएसडी (हार्ड डिस्कची वेगवान बहीण) विकणारा हा जुना, ओळखीचा ब्रँड. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिपांची इतकी भूक आहे की कंपनीला आपला माल तिकडे वळवणं जास्त गरजेचं वाटलं. रॅमचे भाव त्याआधीच चढू लागले होते. त्यामुळे घरोघरी विचारला जाणारा एक जुना प्रश्न आता महागाचा झाला आहे: “गेम अडखळतो, रॅम आठ जीबीची सोळा करू का?”

याचं ‘हो’ असं उत्तर पुष्कळदा बरोबर निघतं, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. आणि कारण चुकीचं समजलं, की पुढच्या वेळी पैसे चुकीच्या जागी जातात.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. कंपन्या आपले ब्रँडेड डेस्कटॉप काही वर्षं वापरून काढून टाकतात आणि ते रिफर्बिश्ड म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा ऑनलाइन विकायला येतात. त्यात इंटेलचा आय-फाइव्ह ८५०० हा २०१८ चा प्रोसेसर अजून भरपूर दिसतो. सहा कोर, ६५ वॉट, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत असलेला. (ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. या प्रोसेसरहून जुन्या पिढीचा डबा स्वस्त मिळाला, तरी घेण्याआधी तो विंडोज ११ च्या यादीत आहे का ते पाहाच.) डब्यात ८ जीबीची एकच रॅम स्टिक असते, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, चित्र काढायचं काम प्रोसेसरच्याच पोटातला छोटा ग्राफिक्स भाग करतो. ऑफिसच्या कामाला हे पुरेसं असतं. घरी आणून गेम टाकला की तारांबळ सुरू होते.

का, ते हिशेबानेच पाहू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, रंगाचे ठिपके, असतात. एका पिक्सेलच्या रंगाला ४ बाइट धरले, तर एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र, ८३ लाख बाइटची. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात, म्हणजे अर्धा जीबी. हे काहीच नाही. पण गेममधला पिक्सेल एकदा रंगवून संपत नाही. समोर झाड आहे की भिंत, हे ठरवायला त्या पिक्सेलची आधीची खोली, म्हणजे नजरेपासूनचं अंतर, वाचायची, नवी लिहायची. पृष्ठभागाचं चित्र, म्हणजे टेक्श्चर, मेमरीतून आणायचं. सावली, प्रकाश, धूर, शेवटची सफाई, या प्रत्येक फेरीत तेच पिक्सेल पुन्हा वाचायचे आणि पुन्हा लिहायचे. समजा एका पिक्सेलमागे सगळी मिळून २०० बाइटची ने-आण झाली. ६० फ्रेमसाठी ती होते सेकंदाला सुमारे २५ जीबी.

आता रॅमची एक स्टिक किती देते? डीडीआर-फोर प्रकारातल्या २६६६ वेगाच्या स्टिकला डेटासाठी ६४ तारा असतात, म्हणजे एका वेळी ८ बाइट. सेकंदाला २६६ कोटींहून अधिक वेळा ही खेप होते. गुणाकार केला की २१.३ जीबी. ही झाली कागदावरची कमाल. प्रत्यक्षात हाती त्याहून कमी येतं. शिवाय त्याच तारांवरून प्रोसेसरलाही स्वतःचा डेटा हवा असतो. मागणी २५, पुरवठा २१ हून कमी, आणि त्यातही वाटेकरी.

रेशन दुकानाचं गोदाम धान्याने भरलेलं आहे, पण काटा एकच, तर रांग काट्याच्याच गतीने सरकणार. ८ जीबी, १६ जीबी हा गोदामाचा आकार. गेमला लागणारं सामान ८ जीबीत मावत नसेल, तर गोदाम मोठं हवंच, कारण मग विंडोज तात्पुरता माल डिस्कवर टाकायला लागते आणि गेम गचके खातो. पण सामान मावत असूनही गेम संथ असेल, तर तिथे काटा, म्हणजे डेटाच्या ने-आणीचा वेग, कमी पडतो आहे.

मेमरी अशी का वागते, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं, त्यामुळे थोडं आत जाऊ.

आयबीएममधले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका साध्या रचनेचं पेटंट मिळालं: एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. आजही आपल्या रॅममधला प्रत्येक बिट याच तत्त्वावर उभा आहे. हा कपॅसिटर इतका सूक्ष्म आहे की त्यातला भार काही दहा हजार इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि तो सतत गळत असतो. म्हणून नेहमीच्या तापमानाला ६४ मिलिसेकंदांच्या आत बिटांची प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. संगणक चालू असेपर्यंत हे काम थांबत नाही.

यातली खरी गंमत वाचनात आहे. कपॅसिटर वाचायचा म्हणजे त्यातला भार एका लांब तारेवर सोडायचा. ती तार आधी बरोबर मधल्या व्होल्टेजवर आणून ठेवलेली असते. भार आला की व्होल्टेज किंचित वर जातं, नाही आला तर किंचित खाली. त्या किंचित फरकाला टोकाला बसवलेलं विवर्धक मंडल ताणून स्पष्ट एक किंवा शून्य करतं. पण तोवर मूळ भार वाहून गेलेला असतो. वाचलं की पुसलं गेलं! म्हणून तेच मंडल वाचलेली किंमत पुन्हा कपॅसिटरमध्ये भरतं. आणि हे एका बिटापुरतं होत नाही. हजारो बिटांची संपूर्ण ओळ एकदम उघडते. त्या ओळीतलं पुढचं काही हवं असेल तर ते चटकन मिळतं. दुसऱ्या ओळीतलं हवं असेल, तर ही ओळ बंद करा, तारा पुन्हा मधल्या व्होल्टेजवर आणा, नवी ओळ उघडा.

हे भरणं, गळणं, ताणणं भौतिक वेळ घेतं आणि तो वेळ फारसा घटत नाही. दोन दशकांपूर्वीच्या डीडीआर-४०० रॅममध्ये, उघड्या ओळीतला डेटा मागितल्यापासून तो येऊ लागेपर्यंत १५ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागत. डीडीआर-थ्रीच्या १६०० वेगाच्या साध्या स्टिकमध्ये हा आकडा १३.७५ आहे, आणि आपल्या डब्यातल्या २६६६ च्या ऑफिस-छाप स्टिकमध्ये १४.२५. म्हणजे जवळपास जागच्या जागी. याच काळात एका चॅनेलची, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एका वाटेची, वाहतूक मात्र सेकंदाला ३.२ जीबीवरून २१.३ जीबीवर गेली. अभियंत्यांनी पेशीला, म्हणजे एका बिटाच्या ट्रान्झिस्टर-कपॅसिटर जोडीला, घाई करण्याऐवजी ओळीतून एका दमात जास्त डेटा उचलायला सुरुवात केली. डीडीआर-फोरमध्ये एक मागणी आली की आठ खेपांत ८-८ बाइट, म्हणजे सलग ६४ बाइट येतात. प्रोसेसरच्या कॅशमधला, म्हणजे त्याच्या पोटातल्या छोट्या वेगवान मेमरीतला, एक कप्पा बरोबर तेवढाच असतो.

डेटा लवकर येत नसेल, तर तो एका वेळी जास्त वाटांनी आणायचा. इथेच दुसरी स्टिक येते. आय-फाइव्ह ८५०० च्या मेमरी कंट्रोलरला (रॅमशी व्यवहार करणाऱ्या भागाला) दोन स्वतंत्र चॅनेल आहेत, प्रत्येकाच्या ६४ तारा वेगळ्या. दोन्हीकडे स्टिक असली की कंट्रोलर पत्ते विभागून देतो: एक ६४ बाइटचा तुकडा या चॅनेलवर, लगतचा त्या चॅनेलवर. सलग डेटा हवा असला की दोन्ही वाटा एकदम चालतात आणि कमाल २१.३ वरून ४२.६ जीबीवर जाते. एकच स्टिक लावलेल्या डब्यात दुसऱ्या चॅनेलच्या तारा मदरबोर्डवर (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डवर) कोरलेल्या आहेत, प्रोसेसरपर्यंत पोचलेल्या आहेत आणि वर्षानुवर्षं रिकाम्या पडून आहेत.

ग्राफिक्सला यातून सर्वांत जास्त फायदा होतो, कारण त्याचं काम असंख्य छोट्या, एकमेकांवर न अवलंबणाऱ्या तुकड्यांचं असतं. एका तुकड्याचा डेटा यायचा आहे, तर दुसरा हाती घ्यायचा. थांबणं असं लपवता येतं, अपुरी वाहतूक लपवता येत नाही. एएमडीच्या रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरमधला ग्राफिक्स भाग दमदार असतो, त्यामुळे तिथे एका स्टिकच्या दोन केल्यावरचा फरक डोळ्यांना सहज दिसतो. आपल्या इंटेलच्या डब्यातलं ग्राफिक्स मुळातच दुबळं. त्यालाही फायदा होतो, पण पुढे त्याची स्वतःची ताकद आड येते.

प्रोसेसरची गरज उलट आहे. ‘शत्रू भिंतीमागे आहे का’ हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही, म्हणून त्याला थांबणं खरोखर भोवतं. चार गिगाहर्ट्‌झवर एक चक्र पाव नॅनोसेकंदाचं, तर रॅमपर्यंतची पूर्ण फेरी साधारण ७०-८० नॅनोसेकंदांची. म्हणजे तीनशे चक्रं वाया. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ५८००एक्स-थ्री-डी आणला तेव्हा कमाल वेग ५८००एक्स या भावंडापेक्षा कमी ठेवला आणि वर ९६ एमबीपर्यंत कॅश रचली. तरी गेममध्ये तो पुढे गेला, कारण रॅमकडे जाण्याची वेळच कमी येत होती.

म्हणून ‘रॅम बूस्टर’, ‘मेमरी क्लीनर’ असल्या सॉफ्टवेअरांचा मला मनापासून राग येतो. विंडोज मोकळ्या रॅममध्ये पुढे लागण्याजोगा डेटा धरून ठेवते आणि कुणाला जागा हवी असली की लगेच सोडते. बूस्टर तो डेटा हाकलून देतो, वर हिरवं वर्तुळ दाखवतो, आणि गेमला तोच डेटा पुन्हा डिस्कवरून आणावा लागतो. हे विज्ञानाच्या वेषातल्या गंडादोऱ्यासारखं आहे, आणि शाळकरी मुलांना ते विकलं जातं हे वाईट आहे.

दुसरी स्टिक घेताना पहिलीच्याच आकाराची घ्या. ८ आणि ४ जीबी लावल्या तर इंटेलच्या यंत्रात दोन्हीकडचे चार-चार जीबी जोडीने चालतात, उरलेले चार एकट्या वाटेने. ३२०० वेगाची स्टिक या प्रोसेसरवर २६६६ नेच धावेल, तेव्हा वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि चार खाचांच्या मदरबोर्डवर जागा नीट निवडा. दोन्ही स्टिक एकाच चॅनेलच्या खाचांत बसल्या तर विंडोज १६ जीबी दाखवेल, रस्ता मात्र एकच राहील. किती खाचा वापरात आहेत ते टास्क मॅनेजर सांगतो. चॅनेल एक की दोन, हे सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं.

हार्ड डिस्कवर चालणाऱ्या डब्याला एसएसडी लावा, पण अपेक्षा योग्य ठेवा. गेम लवकर उघडेल, फ्रेम वाढणार नाहीत.

खरी उडी ग्राफिक्स कार्डाने पडते, कारण कार्ड आपली मेमरी सोबत घेऊन येतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीच्या कार्डाची मेमरी सेकंदाला १६८ जीबी देते. आपल्या दोन स्टिकांच्या जवळजवळ चौपट, आणि त्यात प्रोसेसर वाटेकरी नाही. हे कार्ड ७० वॉटचं आहे आणि मदरबोर्डची मोठी खाच नियमाने ७५ वॉट देऊ शकते, म्हणून सहसा त्याला वेगळी तार लागत नाही. ऑफिसच्या डब्यांत हे फार मोलाचं आहे. त्यांचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) लहान असतो, कार्डासाठीची तार बहुधा नसते, आणि मदरबोर्डकडे जाणारा जोडही बऱ्याच मॉडेलमध्ये नेहमीचा २४ पिनांचा नसल्याने बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. डबा पातळ असेल तर अर्ध्या उंचीचं कार्ड शोधावं लागतं, आणि खाच पूर्ण ७५ वॉट देते का तेही त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावं लागतं.

कार्ड लावल्यावर अडथळा कुठे उरला ते घरीच तपासता येतं. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अपुरं पडत होतं. जवळपास तितक्याच राहिल्या तर प्रोसेसर आणि त्याची मेमरी अडवते आहे, आणि त्याहून महाग कार्ड घेऊन काही साधणार नाही.

फ्रेमचा आकडा चांगला असूनही मधूनमधून मोठा गचका बसत असेल, तर कार्डाची मेमरी भरली आहे का ते पाहा. तिथे न मावलेलं टेक्श्चर रॅममध्ये ठेवलं जातं आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड बसतं त्याच, खाचेतून आणलं जातं. ३०५० चं हे कार्ड त्या खाचेच्या आठच वाटा वापरतं, आणि आपल्या २०१८ च्या डब्यात त्या आठ वाटा मिळून सेकंदाला सुमारे ८ जीबी देतात. १६८ च्या सवयीच्या चिपला अचानक ८ वर थांबावं लागतं. अशा वेळी गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणलं तर चित्रात फरक जेमतेम कळतो आणि गचके बहुतेक जातात, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.